चहा चाखायला शिकायचंय? मग दोन कप शेजारी ठेवा

तुम्ही लिहिलंय की दिवाळीत चार सुटे चहा घेतले: दार्जिलिंगचा फर्स्ट फ्लश (वर्षातली पहिली खुडणी), आसामचा ऑर्थोडॉक्स (पान न चिरडता, नुसतं वळून केलेला), निलगिरी आणि सेंचा हा जपानी हिरवा चहा. चारही वेगवेगळ्या दिवशी कोरे करून प्यायलात. दार्जिलिंग सासूबाईंना 'नुसतं गरम पाणी' वाटला, सेंचा कडू निघाला आणि आसाम-निलगिरीत तुम्हाला फरकच कळला नाही. आपली जीभच कच्ची आहे का, आणि मुलुंडच्या स्वयंपाकघरात बसून हे शिकता येईल का, असा तुमचा प्रश्न आहे.

जिभेत काही उणं नाही. चवीची स्मृती सगळ्यांचीच तोकडी असते. सोमवारच्या कपाशी गुरुवारचा कप ताडून बघणं मलाही जमत नाही. मुंबईत चहाचे नमुने चाखून त्यांची मिश्रणं बांधणं हा माझा पेशा आहे, आणि आमच्या टेबलावर एकटा कप कधीच नसतो. ओळीने कप मांडलेले असतात, त्यात एक ओळखीच्या चहाचा असतो आणि बाकीचे त्याच्या मानाने बघायचे असतात. घरी ओळ नको, दोन कप पुरतात. मात्र ते एकाच वेळी, शेजारी शेजारी, आणि एक गोष्ट सोडून बाकी सगळं सारखं ठेवून केलेले हवेत. ती एक गोष्ट कोणती, हे आधी ठरवायचं. चाखायला शिकण्याचं निम्मं काम तिथेच होतं.

तुमची दुसरी अडचण म्हणजे चारही चहा एकमेकांपासून फार लांबचे निवडले गेले. सेंचा आणि आसाम शेजारी ठेवले तर 'हा हिरवा, हा लाल' यापलीकडे काही हाती लागत नाही. जवळचे दोन घ्यावेत, म्हणजे जिभेला शोधायला काही उरतं.

आधी मोजमाप. चहा चाखण्यासाठी पाणी कसं ओतायचं याचं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ३१०३. त्यात १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम चहा, उकळतं पाणी आणि ६ मिनिटं असं प्रमाण दिलेलं आहे. असा चहा प्यायला चांगला लागत नाही, आणि तो त्याचा हेतूही नाही. दोष लपू नयेत म्हणून तो मुद्दाम कडक करतात. घरी मी १५० मिलिलिटरला ३ ग्रॅम हेच प्रमाण ठेवायला सांगेन, पण वेळ ४ मिनिटं. चमच्याने मोजू नका. आसामच्या दाणेदार चहाचा एक चमचा आणि फर्स्ट फ्लशच्या फुगीर, लांब पानांचा एक चमचा यांच्या वजनात दुपटीहून जास्त फरक पडू शकतो. सासूबाईंना पाणी लागलं त्याचं एक कारण बहुधा हेच असेल. ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा छोटा वजनकाटा काही शे रुपयांत मिळतो. चहावर खर्च करायचाच असेल, तर महागड्या किटलीआधी तो घ्या.

भांडी साधी चालतील. आतून पांढरे, एकसारखे चार कप घ्या. दोनांत चहा घालून पाणी ओता, वर बशी झाका आणि वेळ झाली की गाळणीतून उरलेल्या दोनांत गाळा. पांढरा रंग महत्त्वाचा आहे. निळ्या किंवा तपकिरी कपात चहाची लाली समजत नाही.

आता पाणी. मुंबईकरांनी याकडे जास्त लक्ष द्यावं असं मला मनापासून वाटतं, कारण कपात जवळजवळ सगळं पाणीच असतं. महानगरपालिकेचं पाणी अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, मोडक सागर, तानसा, भातसा, विहार आणि तुळशी या सात तलावांतून येतं. हे पावसाचं साठवलेलं पाणी मऊ असतं आणि चहाला फार छान. त्याची एकच खोड म्हणजे क्लोरिनचा वास. रात्री उघड्या पातेल्यात भरून ठेवलं, किंवा झाकण न ठेवता दोन-तीन मिनिटं उकळू दिलं, की तो वास बराच उतरतो. सोसायटीत बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी मिसळत असेल तर गोष्ट वेगळी. त्यातले कॅल्शियमचे क्षार चहातल्या पॉलिफेनॉलना, म्हणजे तुरटपणा देणाऱ्या घटकांना, धरतात आणि कपावर तेलकट दिसणारा पातळ तवंग येतो. रंग काळपट होतो, सुगंध दबतो, आणि आपण उगाच चहाला नावं ठेवतो. उलट आरओ यंत्र क्षार जवळजवळ सगळेच काढून टाकत असेल, तर चहाचा रंग उजळ दिसतो पण चव मला पोकळ वाटते.

म्हणून पहिली तुलना चहाची करूच नका, पाण्याची करा. एकच चहा, तुमचा आसामचा घ्या, एका कपात नळाचं उकळलेलं पाणी आणि दुसऱ्यात आरओचं. दोन कप सारखे लागले तर पाण्याचा प्रश्न मिटला. वेगळे लागले तर आवडलेलं पाणी कायमचं ठरवून टाका. मुलुंडच्या पाण्यावर तुम्हाला जे कळेल ते दुसऱ्या इमारतीतल्या बहिणीला लागू पडेलच असं नाही.

तापमानाबद्दल एक बारीक गोष्ट. पाणी मुंबईत समुद्रसपाटीला १०० अंशांवर उकळतं. दार्जिलिंग शहर सुमारे २००० मीटरवर आहे, तिथे ते साधारण ९३ अंशांवरच उकळतं. म्हणजे तिथल्या घरात उकळतं पाणी ओतून केलेला चहा आपल्याकडच्या आधणातल्या चहापेक्षा सौम्य असतो. फर्स्ट फ्लश करताना गॅस बंद करून, झाकण काढून एक-दोन मिनिटं थांबा, मग ओता. आसाम, निलगिरी आणि दार्जिलिंगच्या सेकंड फ्लशला (दुसऱ्या खुडणीला) खळखळतं पाणी चालतं, त्यांना ते हवंच असतं. सेंचा कडू झाला तो याच कारणाने. त्याला ७० ते ८० अंशांचं पाणी आणि एक ते दीड मिनिट पुरतं. उकळतं पाणी पडलं की त्यातले कडू-तुरट घटक झपाट्याने उतरतात आणि खालची गोडसर, भाजीच्या सुपासारखी चव झाकली जाते. थर्मामीटर नसेल तर उकळलेलं पाणी एका कपातून दुसऱ्या कपात दोनदा ओतून घ्या, बरंच निवतं.

पाणी ठरलं की दुसरी तुलना वेळेची, आणि माझ्या मते शिकण्यासाठी हिच्याइतकी चांगली दुसरी नाही. एकच आसाम, तीन कप: २ मिनिटं, ४ मिनिटं, ६ मिनिटं. पहिल्यात सुगंध पुढे असतो आणि अंग कमी. दुसऱ्यात दोन्ही जुळतात. तिसऱ्यात हिरड्या आणि गालांची आतली बाजू कोरडी पडते, कच्चं केळं किंवा जांभूळ खाल्ल्यावर पडते तशी. तो तुरटपणा. तो जिभेवरच्या कडूपणापेक्षा वेगळा आहे. बरेच लोक दोघांनाही कडूच म्हणतात आणि तिथेच अडकतात. हे दोन वेगळे ओळखता आले की पुढचं पुष्कळ सोपं जातं, कारण तुरटपणा हा दोष असेलच असं नाही. चांगल्या आसामात तो तोंड जागं करतो आणि लगेच निघून जातो. हलक्या चहात तो चिकटून बसतो.

आता चहांच्या जोड्या. पहिली जोडी आसामची आसामशीच लावा: तुमचा ऑर्थोडॉक्स आणि घरात रोज उकळणारी दाणेदार चहा पावडर. ती पावडर सीटीसी (क्रश, टेअर, कर्ल) पद्धतीची असते. या पद्धतीचं यंत्र १९३०च्या सुमारास आसामातल्या अमगुरी बागेत विल्यम मॅककर्चर यांनी आणलं. उलट्या दिशांना वेगवेगळ्या गतीने फिरणाऱ्या, दाते असलेल्या रुळांमधून पान चिरडत, फाडत, गुंडाळत जातं आणि त्याचे दाणे बनतात. कापलेलं वांगं हवा लागून काळं पडतं, तीच क्रिया इथे पानाच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत एकदम सुरू होते, म्हणून रंग आणि कडकपणा दोन मिनिटांत उतरतो. ऑर्थोडॉक्समध्ये पान नुसतं वळतात, त्यामुळे ते हळूहळू उघडतं आणि सुगंधाचे थर जास्त राहतात. दोन्ही कोरे चाखा. दाणेदार चहा भरीव, लालभडक, एकसुरी लागेल. ऑर्थोडॉक्समध्ये मध, भाजलेल्या धान्याचा वास, मागाहून गोडी, अशा एकापाठोपाठ एक गोष्टी येतील.

आणि मग दोन्हींत दूध घाला. हे टाळू नका. भारतात सीटीसीचे नमुने दूध घालूनही बघितले जातात, कारण तो चहा दुधासाठीच बनवलेला असतो. दुधातलं केसीन हे प्रथिन तुरटपणा बांधून घेतं. ज्याच्यात जोर आहे तो चहा त्यानंतरही तांबूस, टवटवीत राहतो आणि ज्याच्यात नाही तो राखाडी, मळकट दिसतो. फर्स्ट फ्लशमध्ये दूध घालून बघितलंत तर तो लगेच मान टाकेल. सासूबाईंचा दुधाचा कप आणि तुमचा कोरा कप यांत वरचा-खालचा कुणी नाही, ते वेगळ्या कामासाठी घडवलेले चहा आहेत. या तुलनेला सासूबाईंना सोबत बसवाच. कडक दुधाचा चहा आयुष्यभर केलेल्या माणसाला रंग आणि जोर आपल्यापेक्षा चटकन कळतो, हे मी कामातही पाहिलंय.

दुसरी जोडी दार्जिलिंगचे दोन मोसम, शक्यतो एकाच बागेचे. फर्स्ट फ्लश फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत खुडतात, सेकंड फ्लश मे-जूनमध्ये. हिवाळ्याच्या झोपेतून उठलेल्या झाडाची पहिली पालवी कोवळी असते. ती खूप कोमेजवतात, त्यामुळे पुढे ऑक्सिडेशन (वांगं काळं पडतं तीच क्रिया) पूर्ण होत नाही आणि काळा चहा म्हणून विकलेल्या पानांतही हिरवे तुकडे दिसतात. त्याचा रंग फिका सोनेरीच असतो. रंग फिका म्हणजे चहा पातळ असं नाही, हे याच जोडीत समजतं. सेकंड फ्लशमध्ये रंग तांबूस होतो आणि ज्याला मस्कटेल म्हणतात तो सुगंध येतो. आपल्याकडे त्यासाठी काळ्या मनुकांचा वास घ्या, बराच जवळ जातो. त्याचं मूळही मोठं विलक्षण आहे. शेतकरी ज्यांना तुडतुडे म्हणतात ते छोटे हिरवे किडे पानांतला रस शोषतात, झाड स्वतःच्या बचावासाठी काही सुगंधी द्रव्यं तयार करतं, आणि तीच पुढे कपात येतात. तैवानचा ओरिएंटल ब्युटी हा ऊलाँगही (हिरवा आणि काळा यांच्या मधला चहा) याच किड्यांच्या कृपेने होतो.

आसाम आणि निलगिरी ही जोडी तिसरी ठेवा. जड आणि हलका हा फरक शोधा. आसाम जिभेच्या मध्यावर बसतो, निलगिरी वरून वाहून जातो आणि मागे फुलांचा, कधी संत्र्याच्या सालीचा वास ठेवतो. निलगिरीचा हिवाळी चहा, डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत खुडलेला, मिळाला तर तोच घ्या. हिरव्या चहासाठी तुमच्या सेंचाशेजारी चिनी किंवा हिमाचलातल्या कांगड्याचा हिरवा चहा ठेवा. जपानी पान वाफवतात, चिनी बहुतेक कढईत परततात. एकात ओली पालेभाजी, दुसऱ्यात भाजलेले चणे-शेंगदाणे, इतका ढळढळीत फरक असतो.

चाखायचं कसं? आधी बशी उचलून गाळलेल्या ओल्या पानांचा वास घ्या. सगळ्यात जास्त सुगंध तिथे असतो, आणि लोक नेमका चोथा आधी टाकून देतात. मग पानांचा रंग बघा. चांगल्या काळ्या चहाचं ओलं पान तांब्याच्या नव्या भांड्यासारखं चकाकतं, मंद काळपट पान म्हणजे कुठेतरी बिनसलंय. मग कप कोमटाच्या जरा वर येईपर्यंत थांबा. फार गरम चहात जीभ फक्त उष्णता सांगते. चमचाभर घ्या आणि जोरात भुरका मारा. लहानपणी आपल्याला ज्यासाठी ओरडा बसायचा तेच इथे करायचं आहे, कारण हवेबरोबर चहा फवाऱ्यासारखा तोंडभर पसरतो आणि वास घशाकडून नाकात चढतो. एका कपाकडून दुसऱ्याकडे आणि परत पहिल्याकडे, असे फेरे घ्या. दुसऱ्या फेरीत पहिल्यापेक्षा जास्त सापडतं. सगळं गिळू नका, शेजारी एक मोठं भांडं ठेवून थुंकत जा. चारपाच कडक कोरे कप रिकाम्या पोटी गेले तर मळमळतं आणि हात थरथरतात.

कप पूर्ण गार झाल्यावरही एकदा बघा. कडक आसाम गार झाला की गढूळ होतो. हा दोष नव्हे. चहाला रंग आणि तजेला देणारं थिआफ्लेविन आणि कॅफिन एकमेकांना धरून बाहेर पडतात, आणि ते भरपूर असल्याची ती खूण आहे.

शब्द आपल्या घरातले वापरा. पाकिटावरचे परदेशी फळाफुलांचे शब्द पाठ करून काही कळत नाही, कारण ती फळं आपण हुंगलेलीच नसतात. आमसूल, कैरी, आंबोशी, गूळ, जायफळ, ओला चारा, पहिल्या पावसानंतरची माती, उन्हात वाळवलेले पोहे, यांतलं जे आठवेल ते लिहा. वहीत प्रत्येक जोडीखाली दोनतीनच ओळी: काय बदललं होतं, कोणता आवडला, का. गुण देत बसू नका, निदान सुरुवातीला तरी नको.

आपल्याला खरंच फरक कळतोय की पाकीट बघून वाटतंय, हे तपासायचं असेल तर तीन कपांची परीक्षा घ्या. दोन कपांत एकच चहा, तिसऱ्यात दुसरा. कपांच्या तळाला खुणा करा आणि घरातल्या कुणालातरी ते पुढे-मागे करायला सांगा. वेगळा कप ओळखायचा. अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता तीनांत एक असते, म्हणून तीनचार वेळा करून बघा. प्रत्येक वेळी ओळखता आलं तर निर्धास्त राहा. नाहीच आलं, तर त्या दोन चहांतला स्वस्त आणायला काहीच हरकत नाही.

वेळ सकाळी अकराच्या आसपासची, फोडणी पडायच्या आधीची. बोंबील तळले जात असताना किंवा देवाजवळ उदबत्ती चालू असताना फर्स्ट फ्लश चाखण्यात अर्थ नाही. चहा वास फार पटकन ओढून घेतो, म्हणून डबा मसाल्यांच्या फळीवर ठेवू नका. फ्रिजमध्येही नको, बाहेर काढताच पानांवर दव धरतं. घट्ट झाकणाचे स्टीलचे छोटे डबे गच्च भरून, अंधाऱ्या कपाटात. मुंबईचा पावसाळा चहाचा शत्रू आहे. कारखान्यातून निघताना पानात जेमतेम तीनेक टक्के ओल असते, आणि जून-जुलैत रोज उघडलेला डबा ती भराभर वाढवतो. पान चिमटीत दाबलं की कुडकुडीत मोडलं पाहिजे. नुसतं वाकलं तर त्याचा सुगंध गेलाय असं समजा.

खरेदी करताना २५ ते ५० ग्रॅमचीच पाकिटं घ्या. पाकिटावरच्या एसएफटीजीएफओपीसारख्या लांबलचक अक्षरांना भुलू नका, ती मुख्यतः पानाचा आकार, कळ्यांचं प्रमाण आणि दिसणं सांगतात, चवीची हमी देत नाहीत. बागेचं नाव, मोसम आणि वर्ष लिहिलेलं असेल तर तो दुकानदार विश्वासाचा. दार्जिलिंग हे भौगोलिक मानांकन मिळालेलं भारतातलं पहिलं उत्पादन आहे, २००४-०५ सालचं. तेव्हा पाकिटावर टी बोर्डाचं पानं खुडणाऱ्या स्त्रीचं चिन्ह आहे का तेही बघा.

राहिली तुमच्याकडची चार पाकिटं. दिवाळीत घेतलेला फर्स्ट फ्लश मार्च-एप्रिलचा, म्हणजे घेतला तेव्हाच सहासात महिन्यांचा होता. सेंचा आणि तो, हे दोन आधी संपवा. आसाम आणि निलगिरी बंद डब्यात पुढच्या पावसाळ्यापर्यंत नीट राहतील. फर्स्ट फ्लश ३ ग्रॅम मोजून, जरा निवलेल्या पाण्यात पुन्हा करून बघा. तरी फिकाच वाटला तर लिटरभर पाण्यात १० ग्रॅम पानं घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी गाळा. गार पाण्यात तुरटपणा फारसा उतरत नाही, सुगंध उतरतो, आणि दुपारच्या उकाड्यात घरातले सगळे तो पितील. नवीन फर्स्ट फ्लश मात्र एप्रिल-मेमध्येच घ्या, आणि त्याच वर्षाचा सेकंड फ्लश आला की दोघांची जोडी लावा.